विमानाचा लगाम

घरी विमान बनवणारी माणसे जगात आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. एकट्या अमेरिकेत अशी हजारो विमाने आज उडतात. मोटार ठेवायच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये, कुणी तर बैठकीच्या खोलीतले सामान भिंतीशी सरकवून ॲल्युमिनियमचे पत्रे कापतो, वाकवतो, भोके पाडतो, रिव्हेट मारतो. त्यात वर्षे जातात. मग एके दिवशी ते धूड ट्रेलरवर चढवून विमानतळावर नेले जाते.

ही हकिकत कुणाला सांगितली की दोनच प्रश्न येतात: इंजिन कुठले बसवले, आणि पंख केवढे. आम्हाला तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. बसणाऱ्याच्या हातातल्या दांडीपासून आसनाखालून थेट शेपटीपर्यंत जाणाऱ्या नळ्या, तारा, कप्प्या आणि कड्या कुणी बनवल्या, आणि बनवल्यावर दुसऱ्या कुणी त्या पाहिल्या का? इंजिन हवेत बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही. ते घसरत घसरत उतरवता येते आणि त्याचा सराव प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून करून घेतात. पण हातातली दांडी हलवली आणि शेपटी हललीच नाही, किंवा उलटी हलली, तर? घोडा कितीही उमदा असो, लगाम तुटून हातात आला तर स्वाराचे काही खरे नाही. या महिन्याच्या 'हुनर'मध्ये त्या लगामाविषयी.

आपल्याकडे उडण्याचा विषय निघाला की अब्बास इब्ने फिरनासचे नाव अभिमानाने घेतात. घ्यावेच. नवव्या शतकात अंदलुसमधल्या कुर्तुब्यात राहणारा हा हरहुन्नरी विद्वान; चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचे नाव आहे. पण जलशांत आणि पोस्टरांवर त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी ती पुरी सांगतो. इब्ने फिरनासने अंगाला पिसे लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली आणि बरेच अंतर तो हवेत राहिला. उतरताना मात्र आपटला आणि पाठ दुखावली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्याने ध्यानात घेतले नव्हते. त्याने शेपटी लावलीच नव्हती. हा उत्तरार्ध गाळण्यात आम्हाला काही मोठेपणा दिसत नाही. मक्करीने तो लिहून ठेवला, म्हणून तर ही हकिकत आजच्या अभियंत्यालाही उपयोगाची वाटते. सूरह मुल्कमध्ये पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे, तिथेही पंख पसरण्याबरोबर पंख मिटण्याचा उल्लेख येतो. वाचकांनी ती आयत पुन्हा काढून पाहावी.

पुढे हजार वर्षांनीही अडचण तीच होती. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने टेकडीवरून दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या. वळायचे असले की तो पंखांखाली लोंबकळत स्वतःचे शरीर इकडेतिकडे झुकवी. 1896 च्या ऑगस्टमध्ये एका झेपेत विमानाचे नाक वर गेले, ते शरीर झुकवून खाली आणता आले नाही, आणि तो गेला. अमेरिकेत सायकलींचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी ही बातमी नीट वाचली होती. 1899 मध्ये विल्बर राइट सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात पिळत होता. पिळताना त्याच्या लक्षात आले की खोक्याची एक कड वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते; पंख असाच पिळता आला तर विमान कलवता येईल. तिथून पुढची चार वर्षे मुख्यतः सावरण्या-वळवण्याच्या खटपटीत गेली. इंजिन त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत बनवून दिले. 17 डिसेंबर 1903 चे ते पहिले उड्डाण 12 सेकंदांचे होते. चार वर्षे आणि सहा आठवडे, हा हिशेब आम्हाला फार बोलका वाटतो.

विमानाला तीन तऱ्हांनी वळवावे लागते. नाक वर-खाली करायला शेपटीच्या आडव्या भागाला बिजागरीने जोडलेला एलेव्हेटर असतो. नाक डावी-उजवीकडे न्यायला उभा रडर, म्हणजे नावेचे सुकाणूच म्हणा. आणि एका कुशीवर कलायला दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला एलेरॉन; एक वर गेला की दुसरा खाली येतो. हातातली दांडी पुढे-मागे केली की एलेव्हेटर हलतो, डावी-उजवीकडे केली की एलेरॉन, आणि पायातल्या दोन पेडलांनी रडर. मोठ्या प्रवासी विमानांत मध्ये पंप आणि संगणक असतात. घरच्या विमानात माणसाच्या मनगटाचा जोर सरळ तारेतून आणि नळीतून शेपटीला जातो. सायकलचा ब्रेक आणि विहिरीची कप्पी ज्याला समजली, त्याला यातले तत्त्व समजले.

उदाहरणाला एकच विमान घेऊ: झेनिथ सीएच 701. ख्रिस हाइन्ट्झ या फ्रेंच वंशाच्या अभियंत्याने ते 1980 च्या दशकात आखले. हा माणूस आधी कॉनकॉर्डच्या कामावर होता. आवाजापेक्षा वेगाने जाणारे ते विमान सोडून त्याने पुढचे आयुष्य सामान्य माणसाला घरी बनवता येईल अशा पत्र्याच्या विमानांना दिले. 701 मध्ये दोन माणसे बसतात. माणसे आणि पेट्रोल धरून सगळे वजन सुमारे 500 किलो. अंग 6061-टी6 जातीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे; बाहेरचा पत्रा बहुतेक जागी जेमतेम 0.4 मिलिमीटर जाड. दोन आसनांच्या मधोमध एकच दांडी असते, वर इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली. डावीकडचा ती उजव्या हाताने धरतो आणि उजवीकडचा डाव्या हाताने. नवरा-बायको दोघे बसले तर लगाम दोघांच्या हातात. एलेरॉन आणि फ्लॅप यांत वेगवेगळे नाहीत, पंखाच्या लांबीभर जाणारी एकच पट्टी दोन्ही कामे करते. त्यामुळे दांडीचा हुकूम आणि फ्लॅपच्या मुठीचा हुकूम एकाच नळीत मिसळणारी कड्यांची जोडणी आत लागते. नकाशावर ती दोन हातांएवढ्या जागेत मावते, पण बनवणाऱ्याचे कित्येक रविवार खाते.

झेनिथचा कारखाना अमेरिकेच्या मिसुरी राज्यात मेक्सिको नावाच्या गावी आहे. तिथे दोन दिवसांची कार्यशाळा असते. माणूस रिकाम्या हाताने येतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बनवलेला रडर गाडीत घालून घरी जातो. ज्याला हे काम झेपणार नाही त्याला ते त्या दोन दिवसांतच कळते, पैसे आणि घरच्यांची शांतता दोन्ही वाचतात. सुरुवात शेपटीपासून करायची ही रीत आम्हाला आवडली. कुर्तुब्याच्या उस्तादालाही आवडली असती.

या कामातला पहिला नियम ऐकून आपल्याकडचा पत्रेवाला हसेल: पत्र्यावर पेन्सिलीने खूण करायची नाही. पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांना ओल लागली की त्या रेघेवर धातू गंजायला लागतो. टोकदार सळईने ओरखडा काढून आखणी करायची तर मुळीच नाही. कापड फाडण्याआधी शिंपी कात्रीने एक लहान चीर देतो आणि मग सरळ फाडतो, ते आठवा. ओरखडा म्हणजे धातूला दिलेली तशी चीर. विमानाचा पत्रा इंजिनाच्या थरथरीने तासातासाला लाखो वेळा हलतो, आणि फाटायचे झाले की तो त्याच रेघेवर फाटतो. म्हणून खूण बारीक मार्करने करायची. कापलेली प्रत्येक कड कानशीने आणि मग पॉलिश पेपरने बोट फिरवता येईल इतकी गुळगुळीत करायची. ड्रिल मारल्यावर भोकाच्या काठावर जी खरखर राहते, ती दोन्ही बाजूंनी काढायची. एका विमानात अशी हजारो भोके असतात. कुणी पाहत नसताना शेवटच्या भोकाची खरखर काढायची की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या ईमानाला विचारायचे.

भोकांचे महत्त्व केवळ शिकाऊ लोकांना शिकवावे लागते असेही नाही. ओरेगॉनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही घरगुती विमानांची सर्वांत नावाजलेली कंपनी. तिच्या आखणीची अकरा हजारांवर विमाने उडालेली आहेत. काम लवकर व्हावे म्हणून काही भाग बाहेरून लेसरने कापून घेतले गेले, आणि 2023 मध्ये त्या भोकांच्या काठांना बनवणाऱ्यांच्या हातातच तडे जाताना दिसले. भाग बदलून द्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. कारणे आणखीही होती, पण सुईच्या टोकाएवढ्या तड्यांचा त्यात मोठा वाटा होता.

वाकवण्याचेही तसेच. टी6 जातीचा पत्रा कागदासारखा काटकोनात दुमडत नाही, दुमडला तर घडीवर चिरतो. त्याला लाकडाच्या किंवा लोखंडाच्या गोल कडेवरून हळूच वळवावे लागते, आणि ती गोलाई किती हे पत्र्याच्या जाडीवर ठरते. दांडीचा खालचा भाग, पेडले आणि ज्या कड्यांवर सगळा जोर येतो ते भाग 4130 जातीच्या पोलादाचे करतात. त्यांचे वेल्डिंग बहुतेक शहाणे लोक स्वतः करत नाहीत. ते नळ्या कापून, कानशीने टोके एकमेकांत बसतील अशी घासून, चार टाके मारून तयार ठेवतात आणि उरलेले काम मुरलेल्या वेल्डरकडे नेतात. बोल्टचे भोकही एका दमात पाडत नाहीत. आधी थोडे लहान पाडायचे, मग रीमरने शेवटचा केसभर धातू काढायचा, म्हणजे बोल्ट हाताच्या दाबाने आत जाईल पण आत खेळणार नाही. दांडीच्या मुळाशी बोल्ट केसभर खेळला, तर वैमानिकाच्या हाताला तो बोटभर जाणवतो.

आता तार. वाचकहो, इथे थोडे थांबू, कारण सगळ्या विमानात इतका स्वस्त आणि इतका जबाबदारीचा दुसरा भाग नसेल. शेपटीकडे जाणारी तार बहुधा 3.2 मिलिमीटर जाडीची असते. ती एकसंध नसते. एकोणीस बारीक तारांचा एक पेड, असे सात पेड पिळून ती बनते, म्हणजे एकूण 133 तारा. त्यामुळे ती कप्पीवरून दोरीसारखी वळते. जस्ताच्या मुलाम्याची अशी तार सुमारे 900 किलोचा ताण सोसते. पण तार मधेच सहसा तुटत नाही. घात होतो टोकाला, जिथे ती कडीला जोडलेली असते. तिथे तिला पन्हळीच्या एका धातूच्या थेंबासारख्या कडीभोवती वळवून, परत आणून, दोन्ही पदरांवर तांब्याची नळी चढवतात आणि खास चिमट्याने ती नळी तीन ठिकाणी दाबतात. दाबलेली जागा मापपट्टीच्या खाचेत बसली पाहिजे. नाही बसली तर ती तार कापून टाकायची आणि नवी घ्यायची.

इतके झाल्यावरही तार विमानात जात नाही. तिला आधी ताणून पाहायचे: तिच्या ताकदीच्या 60 टक्के, म्हणजे साडेपाचशे किलोच्या जवळपास ताण तीन मिनिटे द्यायचा आणि पाहायचे की तांब्याच्या नळीतून ती तसूभर सरकली का. साडेपाचशे किलो म्हणजे चांगली म्हैस टांगण्यासारखे. उडताना वैमानिकाचा हात याच्या दहाव्या हिश्श्याचाही जोर क्वचित लावतो. मग एवढी झडती कशाला, असे कुणी विचारेल. त्याला इतकेच सांगावेसे वाटते की मुलीसाठी स्थळ पाहताना आपण जितकी चौकशी करतो तितकीच ही आहे. नंतर परत येण्याची सोय नसते, म्हणून आधी.

तार विमानात बसल्यावर टर्नबकलने आवळतात. हा दोन्हीकडून उलटसुलट आट्यांचा पितळी गोळा. फिरवला की दोन्ही टोके आत ओढली जातात. बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि मग तो मागे फिरू नये म्हणून त्याच्याभोवती बारीक तार गुंडाळून त्याला जखडतात. नळ्यांच्या टोकांना गोटीच्या कड्या असतात. ती कडी किती आत गेली हे कळावे म्हणून नळीला एक बारीक भोक ठेवतात. त्यात तार घालायची, आरपार गेली तर आटे पुरेसे आत नाहीत असे समजायचे. कडीच्या तोंडाशी एक मोठा वायसर ठेवतात, म्हणजे झिजून गोटी निसटली तरी कडी बोल्टावरून सुटून जाणार नाही. बोल्ट शक्यतो डोके वर करून घालतात, म्हणजे नट गळून पडला तरी बोल्ट आपल्या वजनाने जागेवर राहतो. जिथे सांधा फिरता आहे तिथे नुसता घट्ट बसणारा नट चालत नाही. खाचांचा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन लागते. ही पिन एकदा काढली की फेकायची. आपल्या गॅरेजांत ती पक्कडीने सरळ करून पुन्हा घालतात, आणि मोटारीत ते खपून जाते. इथे नाही. बोल्टही बाजारातले नव्हेत, विमानाचेच, डोक्यावर खूण असलेले. नळबाजारात दिसायला तसाच बोल्ट चाराण्यांत मिळेल, पण दिसण्यावर जायचे असते तर तार ताणून पाहिलीच नसती.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. आम्हाला ती स्प्लिट पिनेपाशी फार जवळून दिसली. पिन, जखडलेली तार, मोठा वायसर, वर केलेले डोके: एकाच उंटाला चार दावी. यातल्या कुणालाही त्या सांध्याचा जोर सोसायचा नसतो. पहिले दावे सुटले तर दुसरे असावे, एवढेच त्यांचे काम. तवक्कुलची ही कारागिरी आपण मोटारसायकलवर तीन मुले आणि हेल्मेट घरी असे निघताना कुठे ठेवतो, हा प्रश्न विमानापेक्षा आपल्या जवळचा आहे. पण तो पुन्हा केव्हातरी.

एवढे सगळे नीट करूनही एक घोटाळा उरतो, आणि तो सर्वांत भयंकर. सगळे मजबूत आहे, सगळे हलते आहे, पण उलटे. तारांची अदलाबदल झाली तर दांडी डावीकडे केल्यावर विमान उजवीकडे कलते. घाबरलेला माणूस दांडी आणखी डावीकडे दाबतो.

हे अडाण्यांच्या हातून होते असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक 23 ऑगस्ट 1947 रोजी इंग्लंडमधल्या वुडफर्डहून आपल्याच नव्या ट्यूडर विमानाच्या चाचणीला बसले. आदल्या दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. विमान उठताच कलले आणि पडले. चॅडविक आणि त्यांच्यासोबतचे अनुभवी चाचणीवैमानिक, दोघेही त्यात गेले. ज्याने हजारो विमानांच्या तारा कागदावर आखल्या, त्याचा जीव दोन तारांच्या अदलाबदलीने गेला. सत्तर वर्षांनंतरही, 11 नोव्हेंबर 2018 रोजी, कझाकस्तानच्या एअर अस्ताना कंपनीचे एक जेट पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर उडाले आणि हवेत वेडेवाकडे पलट्या खाऊ लागले. त्याच्याही एलेरॉनच्या तारा उलट होत्या. आत सहा जण होते. दीड तासाच्या झुंजीनंतर बेजा येथील धावपट्टीवर ते कसेबसे उतरले, सहाही वाचले. हे कारखान्यात झाले, जिथे कागदपत्रे, शिक्के, तपासनीस सगळे असतात. तर घरी एकट्याने काम करणाऱ्याने किती जपावे?

घरी बनवलेल्या विमानाचे एक उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यात तुटले काहीच नव्हते. अमेरिकेचा लोकप्रिय गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून मरण पावला. विमान लाँग-ईझी जातीचे, फायबरचे, दुसऱ्या कुणी घरी बनवलेले आणि त्याने नुकतेच विकत घेतलेले. मूळ आखणीत पेट्रोलची टाकी बदलायचा खटका वैमानिकाच्या पायांच्या मधे होता. बनवणाऱ्याने तो हलवून डाव्या खांद्यामागे नेला, आणि त्यावर खुणाही नव्हत्या. टाकी बदलायला मागे वळताना पायाखालचे पेडल दाबले गेले असावे, असे तपासातून पुढे आले. खटका बनवणाऱ्याला रोजच्या सवयीने सापडत असेल. पण विमान, घर, दुकान, काहीही असो, ते एक दिवस दुसऱ्याच्या हातात जाते. मूळ आखणीपासून हलवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे त्या अनोळखी माणसाकडे ठेवलेली आपली अमानत, किंवा तिची खयानत.

म्हणून अमेरिकेतल्या या छंदी लोकांनी फार पूर्वीच एक रीत पाडली. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकीत त्यांची संघटना स्थापली, ईएए या नावाने ती ओळखली जाते. तिचे अनुभवी सभासद दुसऱ्याच्या घरी जाऊन, पैसा न घेता, चालू असलेले काम पाहतात. पत्रा बंद होण्याआधी पाहतात, कारण एकदा रिव्हेट मारून पंख मिटला की आतली तार कुणाला दिसणार? मग सरकारी तपासनीस येतो. त्याने मंजुरी दिली तरी पहिले 25 ते 40 तास वैमानिकाने एकट्याने, ठरलेल्या इलाख्यातच उडायचे. बायको-मुलांना बसवायचे नाही. आणि त्यानंतर बसणाऱ्याला समोर दिसेल अशी पाटी कायमची लावायची, की हे विमान हौशी माणसाने बनवलेले आहे आणि कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षानियम याला लागू केलेले नाहीत. आपल्याच घरच्यांच्या डोळ्यांसमोर अशी पाटी ठोकायला मोठे मन लागते.

दुसऱ्याने आपले काम तपासले की आपल्याकडे तो अपमान वाटतो. "माझ्यावर भरवसा नाही का?" हे वाक्य आपण घरात, दुकानात, भावाभावांच्या व्यवहारात किती वेळा ऐकतो. सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत उधारीचा करार लिहून ठेवायला आणि साक्षीदार करायला सांगितले आहे. तो हुकूम प्रामाणिक माणसांनाही लागू आहे. विसरणे आणि चुकणे हे प्रामाणिक माणसाकडूनही होते. तारेच्या टोकाला दुसऱ्याचे डोळे लागतात ते याच कारणासाठी.

महाराष्ट्रात हे काम कुणी केले का? केले. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी धातूचे विमान उभे केले. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये चाचणीची परवानगी मिळाली आणि पुढे ते धुळ्याच्या धावपट्टीवर उडाले. सरकारी दारातले त्यांचे हेलपाटे वर्तमानपत्रांतून गाजले, आणि नियम सोपे असायला हवे होते यात वाद नाही. पण तपासणीच नको, असे त्यातून कुणी घेऊ नये.

हे आम्ही इतक्या तपशिलाने लिहिले, कारण हे हात आपल्या घरांत आहेत. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर आवाजावरून बिघाड ओळखणारे फिटर, कुर्ल्याच्या गल्ल्यांतले लेथवाले, आखाती देशांत वेल्डिंगच्या कठीण परीक्षा पास होऊन कामाला लागलेले कोकणातले भाऊ. केसभर धातू काढणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने बनली आहेत, तिथेही असेच हात लागतात. आपल्या मुलांना कमी पडते ते नकाशा वाचणे, केलेल्या कामाची तारखेसह नोंद ठेवणे आणि ती नोंद दुसऱ्यापुढे ठेवणे. उस्ताद शागिर्दाला कानशी धरायला शिकवतो, वही धरायला शिकवत नाही. आयटीआयच्या फिटर वर्गात जाणाऱ्या मुलाची वही घरच्यांनी महिन्यातून एकदा उघडून पाहावी; अक्षर नाही पाहिले तरी चालेल, आकडे पाहावेत.

एखाद्या घरात लाकडी पट्ट्या, सायकलच्या तारा आणि जुन्या कप्प्या घेऊन मुलांनी ही जोडणी टेबलावर करून पाहिली तर आम्हाला आनंदच आहे. त्यात कुणाला बसायचे नाही. करताना वैमानिकांची एक युक्ती वापरा. दांडी मुठीत धरून अंगठा वर ठेवायचा. दांडी डावीकडे झुकवली की अंगठा डावीकडे झुकतो, आणि ज्या बाजूला अंगठा झुकला त्या बाजूचा एलेरॉन वर उठलेला दिसला पाहिजे. उठला नाही, तर तारा उलट आहेत. आत एकाने बसायचे आणि पंखाशी दुसऱ्याने उभे राहायचे. पंखाशी उभी असलेली बहीण असो की आई, तिने "ठीक आहे" म्हणायचे नाही. दिसते ते मोठ्याने सांगायचे: डावा वर, उजवा खाली. मग उजवीकडे. मग पुढे, मागे, दोन्ही पेडले. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा करायचे.